विद्यार्थी शिकण्यात किती गुंतला आहे, हे विचारायचे कसे?

गेल्या वर्षी मार्चमध्ये विभागाचा वार्षिक अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. त्यातल्या एका रकान्यावर 'विद्यार्थ्यांचा अध्ययनातील सहभाग, टक्के' असे छापलेले होते. मागच्या वर्षी तिथे काय भरले होते ते पाहिले, तर हजेरीची सरासरी होती. त्याच्या आदल्या वर्षीही तीच. मीही तीच भरली आणि सही करून कागद पुढे पाठवला. मी संख्याशास्त्र शिकवते. मोजले एक आणि नाव दिले दुसरे असे कधी करू नये, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना अगदी पहिल्या आठवड्यात सांगते. त्या संध्याकाळी मी नेमके तेच केले होते, आणि त्याची बोच गेली नाही म्हणून पुढचे वर्षभर मी या एका प्रश्नामागे लागले. त्यातून जे हाती आले ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी शब्दाविषयी. इंग्रजीतल्या 'एंगेजमेंट'साठी आपल्या कागदपत्रांत 'सहभाग' हा शब्द रूढ झाला आहे, पण तो मला अपुरा वाटतो. सहभाग म्हणताच स्पर्धा, शिबिर, स्नेहसंमेलन डोळ्यांसमोर येते. 'गुंतवणूक' म्हणावे तर पैशाचा व्यवहार आठवतो. आपण बोलताना मात्र फार नेमके बोलतो. 'तिचे मन लागले आहे', 'तो त्या गणितात गुंतून गेला', 'पोरे वर्गात असतात, पण तासाला नसतात' अशी वाक्ये कोणत्याही स्टाफरूममध्ये ऐकू येतात, आणि त्यांतून मन, वेळ व कष्ट या तिन्ही गोष्टी एकदम सांगितल्या जातात. म्हणून या लेखात मी 'गुंतणे' हाच शब्द वापरणार आहे.

आपल्याकडे आज काय मोजले जाते, तर हजेरी, निकाल आणि समाधान. बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असते. हजेरी आवश्यक आहे, परंतु ती शरीराची नोंद आहे. निकाल ही सत्राच्या शेवटची नोंद आहे आणि तिच्यात मुलाची आधीची तयारी, शिकवणी, प्रश्नपत्रिकेचे स्वरूप आणि नशीब असे सगळे मिसळलेले असते. या दोन्हींच्या मधल्या काळात, म्हणजे जून ते ऑक्टोबर आणि डिसेंबर ते एप्रिल, मूल शिकण्यासाठी प्रत्यक्ष काय करते याची नोंद कुठेच होत नाही. खरे तर आपल्या नव्या रचनेत ती नोंद गृहीत धरलेली आहे. राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात वर्षाला चाळीस श्रेयांक आणि १,२०० अध्ययन-तास धरले आहेत, म्हणजे एका श्रेयांकाला तीस तास. व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी वर्गात पंधरा तास होतात. उरलेले पंधरा तास विद्यार्थी वर्गाबाहेर स्वतः शिकतो असे आपण मानून चालतो. म्हणजे पदवीच्या कागदावर जे अध्ययन लिहिलेले असते त्याचा जवळजवळ निम्मा भाग आपण कोणीही कधी पाहिलेला नाही, आणि त्याविषयी मुलांना विचारलेलेही नाही.

समाधानाची गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे. बंगळुरूला मुख्यालय असलेल्या नॅकने, म्हणजे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, जुलै २०१७ पासून लागू केलेल्या चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. त्यात वीस पर्यायी प्रश्न आणि सूचनांसाठी एक खुला प्रश्न आहे. पहिलाच प्रश्न अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला हा आहे. पुढे शिक्षक तयारी करून येतात का, त्यांचे सांगणे समजते का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य असते का, असे विचारले आहे. मुलांचे म्हणणे थेट त्यांच्याकडून ऐकले जावे, हे पाऊल मला महत्त्वाचे वाटते आणि त्याचा मी आदर करते. मात्र या प्रश्नांत विद्यार्थी हा बहुतांशी साक्षीदार आहे. शिक्षकांनी काय केले, संस्थेने काय दिले, हे तो सांगतो. 'तू काय केलेस' हा प्रश्न त्याला जवळजवळ विचारलेलाच नाही.

समाधान आणि शिकणे यांत अंतर असते, आणि ते कधीकधी उलट्या दिशेचे असते, याचा एक चांगला पुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वर्ड विद्यापीठात लुई देलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक वर्गातल्या विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, दोन गट केले. एका गटाने कुशल प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकले, दुसऱ्या गटाने त्याच आशयावर लहान लहान गटांत स्वतः उदाहरणे सोडवली. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल केली. चाचणीत स्वतः सोडवणाऱ्यांना अधिक गुण मिळाले, पण 'मी आज किती शिकलो' या प्रश्नावर त्यांनीच स्वतःला कमी गुण दिले. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. स्वतः अडखळत सोडवताना आपल्याला काही येत नाही असे वाटते, आणि त्या अडखळण्यातच शिकणे होत असते. हा शोधनिबंध वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले होते. माझ्या ज्या तासांना मुलांनी सर्वांत जास्त पसंती दिली होती ते तास मला आठवत होते.

ही अडचण अमेरिकेत काही दशकांपूर्वीच ओळखली गेली होती. रॉबर्ट पेस या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील अभ्यासकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशी भूमिका घेतली की महाविद्यालयाची गुणवत्ता तपासायची तर तिथल्या सोयी मोजून भागत नाही, त्या सोयी वापरताना विद्यार्थ्याने केलेल्या प्रयत्नाची गुणवत्ता मोजली पाहिजे. ग्रंथालयात किती पुस्तके आहेत याला महत्त्व आहेच, पण एखाद्या मुलीने संदर्भसूची पाहून दुसरे पुस्तक शोधले का, याला अधिक आहे. त्याच विद्यापीठातले अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये हा विचार पुढे नेला. विद्यार्थी शैक्षणिक अनुभवासाठी जी शारीरिक आणि मानसिक शक्ती खर्च करतो ती म्हणजे त्याचे गुंतणे, आणि ते प्रमाणानेही मोजता येते व गुणानेही, असे त्यांचे म्हणणे होते. चार तास अभ्यास केला हे प्रमाण झाले. त्या चार तासांत उतारे समजून घेतले की पानावर नजर ठेवून स्वप्नात रमला, हा गुण झाला.

याच विचारधारेतून 'नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट' हे सर्वेक्षण उभे राहिले. तिकडे त्याला बोलताना 'नेसी' म्हणतात. नियतकालिकांतल्या महाविद्यालयांच्या क्रमवाऱ्या प्रतिष्ठा आणि साधनसंपत्ती मोजतात, शिकणे मोजत नाहीत, ही त्यामागची तक्रार होती. प्यू धर्मादाय न्यासाच्या मदतीने १९९८ मध्ये आराखड्याचे काम सुरू झाले, पीटर एवेल यांच्या नेतृत्वाखालील गटाने प्रश्नावली घडवली, आणि जॉर्ज कू यांच्या संचालकत्वाखाली इंडियाना विद्यापीठातून २००० साली २७६ संस्थांमध्ये पहिले देशव्यापी सर्वेक्षण झाले. पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते विचारतात. २०१३ मध्ये प्रश्नावली मोठ्या प्रमाणावर सुधारली गेली आणि आता तिचे निष्कर्ष दहा निर्देशकांत मांडले जातात. संस्थेला स्वतःचे निष्कर्ष मिळतात. क्रमवारी लावली जात नाही, आणि हे मला त्या सर्वेक्षणाचे सर्वांत शहाणपणाचे अंग वाटते.

मला त्या प्रश्नांच्या घडणीने फार शिकवले. 'तुम्हाला अभ्यासात रस आहे का' असे तिथे विचारलेले नाही. या शैक्षणिक वर्षात तुम्ही वर्गात किती वेळा प्रश्न विचारलात, वाचन किंवा नेमून दिलेले काम पूर्ण न करता किती वेळा वर्गात आलात, दुसऱ्या विद्यार्थ्याला एखादा भाग किती वेळा समजावून सांगितलात, तासानंतर टिपणे पुन्हा किती वेळा वाचलीत, असे विचारले आहे. प्रत्येक प्रश्नात एक करायची, दिसणारी कृती आहे. त्याशिवाय एका आठवड्याच्या सात दिवसांत वर्गाची तयारी, पगारी काम, अवलंबून असलेल्या व्यक्तींची काळजी आणि प्रवास यांवर किती तास जातात, याचेही प्रश्न आहेत. हे प्रश्न वाचताना मला आमच्या वर्गातल्या एसटीने येणाऱ्या मुली दिसत होत्या.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते गंभीर आहेत. २०११ मध्ये स्टीफन पोर्टर या अभ्यासकाने अशा सर्वेक्षणांच्या सप्रमाणतेवरच, म्हणजे जे मोजायचे तेच ती मोजतात का यावरच, प्रश्नचिन्ह उभे केले. गेल्या वर्षभरात आपण कितीदा टिपणे वाचली हे कोणाच्याही स्मरणात मोजून ठेवलेले नसते. विद्यार्थी त्या क्षणी अंदाज बांधतो, आणि 'कधीकधी' व 'बऱ्याचदा' या शब्दांचे अर्थ माणसागणिक बदलतात. दुसरी बाजू अशी की २००६ मध्ये कू आणि सहकाऱ्यांनी चौदा महाविद्यालयांतल्या १,०५८ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, त्यात गुंतण्याची मापे आणि शिकण्याचे परिणाम यांचा संबंध सकारात्मक आढळला, पण बराचसा क्षीण होता. त्याच अभ्यासात एक गोष्ट अशी होती की जिच्यामुळे मी हे काम सोडून दिले नाही. प्रवेशाच्या वेळी ज्यांची तयारी सर्वांत कमी होती, त्यांना गुंतण्याचा लाभ इतरांपेक्षा अधिक झालेला दिसला. आमच्या महाविद्यालयात येणारी मुले बहुतांशी तीच असतात.

म्हणून जूनमध्ये मी स्वतःची छोटी प्रश्नावली करायला घेतली. नेसीमधले प्रश्न नुसते मराठीत आणून भागणार नाही, एवढे मला कळत होते. किती भागणार नाही, हे मात्र दुसऱ्या वर्षाच्या पाच मुलामुलींना समोर बसवून कच्चा मसुदा मोठ्याने वाचायला सांगितल्यावर समजले. प्रत्येक प्रश्नानंतर मी एवढेच विचारत होते की तुला काय कळले आणि उत्तर देताना काय आठवले. 'गेल्या आठवड्यात किती तास अभ्यास केलात' या प्रश्नावर एका मुलाने नऊ तास सांगितले, आणि चौकशी केल्यावर त्यातले सात तास प्रात्यक्षिकाचे जर्नल मित्राच्या जर्नलवरून उतरवण्यात गेले होते. त्याने खोटे सांगितले नव्हते. आपल्याकडे शाळेपासून 'अभ्यास दिला' म्हणजे लिहायला दिले आणि 'अभ्यास झाला' म्हणजे लिहून झाले, असाच अर्थ आहे. तेव्हापासून माझा प्रश्न असा झाला: 'गेल्या सात दिवसांत वही आणि गाइड बंद ठेवून तुम्ही स्वतः किती उदाहरणे शेवटपर्यंत सोडवलीत?'

कामाच्या प्रश्नाचेही असेच झाले. 'पगारी काम किती तास करता' या प्रश्नावर पाचपैकी चौघांनी शून्य लिहिले. बोलता बोलता कळले की एक मुलगी सकाळी गोठ्यातले सगळे आवरून आणि दोन वेळचा स्वयंपाक करून येते, एक मुलगा वडिलांच्या किराणा दुकानात रात्री साडेनऊपर्यंत बसतो, आणि कांदा लागवडीच्या दिवसांत सगळेच शेतात असतात. घरच्या कामाला पगार नाही, म्हणून ते काम नाही, असे त्यांना प्रश्नानेच शिकवले होते. शिकता शिकता राबणे महाराष्ट्राला नवीन नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हे सूत्र ज्या मुलांसाठी उभे केले त्यांची नातवंडे-पतवंडे आज आमच्या वर्गांत आहेत. फरक इतकाच की त्या योजनेत काम दिसत होते आणि त्याची नोंद होती. आता माझ्या प्रश्नात 'शेत, गोठा, दुकान, स्वयंपाकघर, धाकट्या भावंडांना सांभाळणे, बाहेरची नोकरी' असे शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे तास लिहायला जागा आहे.

सर्वांत जास्त विचार मला शिक्षकांशी बोलण्याच्या प्रश्नावर करावा लागला. 'तासात किंवा तासानंतर प्राध्यापकांना विषयाची शंका विचारलीत का' याला पाचही जणांनी 'नाही' म्हटले. एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना उदासीन ठरवले असते. पण शंका आली तेव्हा काय केले, असे विचारल्यावर उत्तरे भराभर आली. गावातल्या एम.एस्सी. झालेल्या ताईला विचारले, एसटीत शेजारी बसलेल्या मैत्रिणीला विचारले, व्हॉट्सॲपच्या गटावर पानाचा फोटो टाकला, यूट्यूबवर हिंदीतला व्हिडिओ शोधला. मग वर्गात का नाही, या प्रश्नावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रश्न मनात मराठीतून येतो. तो इंग्रजीत कसा मांडायचा ते जुळेपर्यंत तुम्ही पुढचे गणित घेतलेले असते." बारावीपर्यंत विज्ञान इंग्रजीतून वाचूनही विचार करण्याची भाषा बदलत नाही, आणि ती बदलायला हवी असेही मला वाटत नाही. त्या दिवसापासून माझ्या तासाला मराठीत विचारलेल्या शंकेला मी मराठीतच उत्तर देते, आणि मुलांना तसे पहिल्याच दिवशी सांगते. एका प्रश्नावलीचा मसुदा करताना झालेला हा बदल मला त्यानंतरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रश्नावली शेवटी आठ प्रश्नांची, अर्ध्या पानाची झाली. वर्षाच्या शेवटी एकदा विचारण्याऐवजी मी ती दर पंधरा दिवसांनी गुरुवारी, तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, नाव न लिहिता भरून घेऊ लागले. 'कधीकधी', 'बऱ्याचदा' हे शब्द काढून टाकले आणि फक्त गेल्या सात दिवसांतल्या मोजता येणाऱ्या गोष्टी ठेवल्या, कारण पोर्टर यांचा आक्षेप मला पटला होता आणि सात दिवसांची आठवण वर्षभराच्या आठवणीपेक्षा खात्रीची असते. कागदावर ठेवण्याचेही कारण होते. गूगल फॉर्म मोबाइलवर पाठवला की मुलांना वाटते आपला ईमेल पत्ता कुठेतरी उमटलाच असेल, आणि अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांना कोणी खरे सांगत नाही.

तरीही जर्नल उतरवण्याविषयी खरे उत्तर मिळेना, तेव्हा संख्याशास्त्रातलीच एक जुनी युक्ती वापरली. अवघड प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये यादृच्छिक प्रतिसादाची पद्धत सुचवली होती. तिचे एक सोपे रूप असे आहे. प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा पडला तर काहीही असो, 'हो' लिहायचे. काटा पडला तर 'या महिन्यात मी जर्नल न समजता उतरवले' या विधानाला खरे उत्तर लिहायचे. एखाद्या चिठ्ठीवर 'हो' असेल तर तो छापा होता की कबुली, हे मला कधीच कळू शकत नाही. मात्र वर्गाचा अंदाज काढता येतो. समजा साठ मुलांपैकी ४८ जणांनी 'हो' लिहिले, तर त्यातले साधारण तीस छाप्याचे. उरलेल्या तिसांपैकी अठरा जणांचा खरा 'हो', म्हणजे सुमारे साठ टक्के. साठ नाण्यांत छापा नेमका तीसच वेळा पडेल असे नसते. तो सव्वीस ते चौतीसच्या दरम्यान सहज हलतो, त्यामुळे हा अंदाज ढोबळच राहतो, आणि तो किती ढोबळ हेही मुलांनीच फळ्यावर येऊन काढले. आमच्या वर्गाचे उत्तर मी इथे देणार नाही, कारण तो त्यांचा आणि माझा विश्वासाचा व्यवहार आहे. त्या तासाला मात्र एकही मूल दुसरीकडे पाहत नव्हते. ज्या गोष्टीचे माप घेण्यासाठी मी इतकी धडपडत होते ती समोर घडत होती, आणि ती माझ्या आठ प्रश्नांपैकी एकातही नव्हती.

मी स्वतः वर्गात काय करते हे पाहण्यासाठी एका तरुण सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसायची विनंती केली. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक निरीक्षणपद्धत आहे, जिच्यात दर दोन मिनिटांनी शिक्षक काय करत आहेत आणि विद्यार्थी काय करत आहेत याच्या खुणा वेगवेगळ्या रकान्यांत करायच्या असतात. ती त्याला समजावून दिली. पहिल्या तासाच्या नोंदीत जवळजवळ प्रत्येक दोन मिनिटांपुढे एकच जोडी होती: शिक्षक फळ्यावर लिहितात, विद्यार्थी उतरवून घेतात. मुलांचे गुंतणे कमी का, याचे निम्मे उत्तर त्या कागदावर होते. आता मी एका उदाहरणानंतर दुसरे स्वतः सोडवत नाही. ते मुलांना देते, शेजाऱ्याशी ताडून पाहायला सांगते आणि बाकांमधून फिरते. अभ्यासक्रम मागे पडतो, हे खरे आहे, आणि जादा तास घेऊन तो पुरा करावा लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून पाहिल्या. घरी अभ्यासाची सरासरी आठवड्याला चार तास येत होती, पण चार तास करणारे मूल वर्गात जवळपास नव्हते. एक गट एका तासाच्या आसपास होता आणि दुसरा सातच्या आसपास. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत सरासरी उभी होती. प्रवासाचे तास त्याच चिठ्ठीवर असल्यामुळे पुढचा शोध सोपा झाला. गावात किंवा वसतिगृहात राहणारी मुले बहुतांशी दुसऱ्या गटात होती, आणि दिवसाला तीन तास एसटीत व थांब्यावर घालवणारी पहिल्या गटात. नेसीच्या अभ्यासकांनीही पुन्हा पुन्हा सांगितले आहे की महाविद्यालया-महाविद्यालयांतला फरक त्या मानाने थोडा असतो. बहुतांश फरक एकाच महाविद्यालयाच्या आतल्या विद्यार्थ्यांमध्ये असतो. अहवालाच्या त्या रकान्यात एक टक्केवारी लिहिणे किती निरर्थक आहे, हे मला त्या आलेखाने पटवून दिले. त्यानंतर मी शेवटची एसटी निघण्यापूर्वीचा पाऊण तास ग्रंथालयाशेजारच्या खोलीत बसू लागले. जी मुले थांब्यावर उभी राहत होती त्यांतली बरीच आता तिथे बसून उदाहरणे सोडवतात.

या कामाची माहिती झाल्यावर, साहजिकच, ते सगळ्या विभागांत लागू करावे असा प्रस्ताव आला. चिठ्ठीवर हजेरी क्रमांक असावा, प्रत्येक विभागाची टक्केवारी काढावी आणि कमी टक्के येणाऱ्या शिक्षकांकडून खुलासा मागवावा, असे त्यात होते. मी तो नम्रपणे नाकारला आणि कारणे लेखी दिली. क्रमांक घातला की मुले आम्हाला हवे ते लिहितील. टक्केवारीवर खुलासा मागितला की शिक्षक मुलांकडून हवे ते लिहून घेतील. त्यात कोणाची बदमाशी नसते. माप शिक्षेला जोडले की माणसे माप सांभाळू लागतात आणि मूळ गोष्ट निसटते. शिक्षकाला पुढच्या आठवड्याचा तास बदलता यावा आणि मुलाला स्वतःचा आठवडा दिसावा, एवढ्याच कामासाठी हे माप मला योग्य वाटते. या मतभेदात माझे काही सहकारी दुखावले गेले, याचे मला वाईट वाटते, पण मत बदललेले नाही.

एक मोठी उणीव मात्र मला फार उशिरा लक्षात आली. गुरुवारी वर्गात नसलेली मुले चिठ्ठी भरत नाहीत. डिसेंबरनंतर चिठ्ठ्यांची संख्या हळूहळू घटत गेली आणि सरासरी मात्र वाढत गेली. वरवर पाहता मुले अधिक गुंतू लागली होती. प्रत्यक्षात जी गुंतली नव्हती किंवा गुंतू शकत नव्हती ती मोजणीतूनच बाहेर पडली होती. असा दोष मी दुसऱ्यांच्या सर्वेक्षणांत दाखवून देते, आणि माझ्या स्वतःच्या कागदांत तो तीन महिने होता. मग हजेरीपट घेऊन सलग तीन आठवडे न आलेल्या मुलांना फोन केले. दोघांचे फोन लागले नाहीत. एक मुलगा औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागला होता आणि परीक्षेला येणार होता. एका मुलीच्या आईने फोन घेतला. गावाची सकाळची गाडी दोन महिन्यांपासून बंद होती आणि सहा किलोमीटर एकटीला चालत पाठवायला घरचे तयार नव्हते. तिने पुस्तक उघडले होते का, असे मी विचारले, तेव्हा आईने फोन तिच्याकडे दिला. तिने प्रकरण चारपर्यंतची उदाहरणे सोडवलेली होती आणि पाचव्यात ती अडली होती. आम्ही फोनवरच तिसरे उदाहरण सोडवले. बंद झालेल्या गाडीविषयी आगाराला द्यायच्या अर्जावर त्या गावच्या आणखी चार मुलींच्या सह्या घेतल्या आहेत.

या सत्रात चिठ्ठीवर आठऐवजी नऊ प्रश्न आहेत, आणि न आलेल्यांना तेच प्रश्न शनिवारी फोनवर विचारायचे ठरवले आहे. नववा प्रश्न असा आहे: 'गेल्या सात दिवसांत तुम्हाला महाविद्यालयात यायचे होते आणि येता आले नाही, असे किती दिवस झाले, आणि कशामुळे?'